कॅन्टीनमधली फ्रेंच

नवरा मला पहिल्यांदा "बोंजूर" म्हणाला तेव्हा मी मेथी निवडत होते. फर्स्ट शिफ्ट सुटून तो नुकताच घरी आला होता आणि डबा ओट्यावर ठेवता ठेवता त्यानं हा शब्द टाकला. मी म्हटलं, कंपनीत आज भलतंसलतं काही खाल्लंत का? तो हसला आणि हात धुऊन आल्यावर त्यानं सांगितलं, की कंपनी त्याला फ्रेंच शिकवणार आहे.

समोर मी त्याला अहो-जाहो करते. मनात आणि कागदावर मात्र तो 'तो'च असतो. तर हा माझा नवरा सिल्वासाजवळ खडोलीच्या एका सूत काढणाऱ्या कंपनीत फिटर होता. कापसाचं सूत काढणारी लांबलचक मशिनं असतात, रिंगफ्रेम म्हणतात त्यांना. ती बसवायची, बिघडली की नीट करायची, हे त्याचं काम. गाव दोंडाईच्याजवळचं. आईशी अहिराणी, माझ्याशी मराठी, कंपनीत हिंदी आणि शेठच्या माणसांशी गुजराती, अशी चार भाषांची भेळ त्याच्या तोंडात आधीच होती. आता त्यात पाचवी पडणार होती, आणि तीही थेट फ्रान्सची.

फ्रान्सला मात्र कुणी जाणार नव्हतं. आफ्रिकेच्या पश्चिमेला बेनिन नावाचा देश आहे, तिथं कापूस होतो आणि तिथले लोक फ्रेंच बोलतात. कंपनी तिथं नवं युनिट टाकणार होती. इथले अनुभवी फिटर आणि ऑपरेटर दोन महिन्यांसाठी तिकडे जातील, मशिनं उभी करून देतील, तिथल्या पोरांना शिकवतील आणि परत येतील, असं सगळ्यांना सांगितलं होतं. ज्यांची निवड झाली त्यांनी कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा, नंदुरबारकडचा एक फिटर होता, नवऱ्याचा जोडीदार. त्यानं तर पासपोर्टच्या फोटोसाठी नवा शर्ट शिवून घेतला.

मी राखोलीला प्राथमिक शाळेत शिकवते, मराठी माध्यमात. माहेर दापोलीचं. नोकरी सिल्वासाला लागली म्हणून इथं आले, लग्न इथंच कामाला असलेल्या माणसाशी झालं आणि मुलगीही इथंच झाली. ती आता सुरतला इंजिनिअरिंगला आहे, वसतिगृहात. घरात आम्ही दोघंच. नवऱ्याला एकट्याला अभ्यासाला बसवणं हे पहिलीच्या वर्गाला दुपारी दोन वाजता पाढे म्हणायला लावण्याइतकं अवघड आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि मी त्याच्याबरोबर बसायला लागले. माझं फ्रेंच सुरू झालं ते असं, कुणी न बोलावता.

क्लास आठवड्यातून दोनदा, शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये असायचा. भिंतीवरच्या टीव्हीवर पुण्याची एक तरुण शिक्षिका यायची. मुलगी गोड होती, मराठी बोलायची, आणि चाळिशी उलटलेल्या या बाप्यांना न हसता शिकवायची, याचं मला कौतुक वाटे. प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग नंतर ग्रुपवर यायचं. आम्ही चहा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचो, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचो आणि तास पुन्हा बघायचो. टीव्हीवरची ती आणि तिच्यासमोर बाकांवर बसलेली, निळ्या गणवेशातली माणसं, केसांत कापसाचे तंतू अडकलेली.

सुरुवातीला खरंच मजा आली. वस्तूंना लिंग असतं हे तिनं जपून जपून सांगितलं, पण आम्हाला त्याचं काय? आपल्याकडे तो पंखा, ती खुर्ची आणि ते टेबल जन्मापासून चालूच आहे. आकड्यांनी मात्र नवऱ्याच्या नाकी नऊ आणले. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणायचं तर साठ-दहा म्हणतात, आणि ऐंशीला चार-वीस. तो चिडायचा. म्हणायचा, एवढ्या मोठ्या देशाला सत्तरसाठी एक शब्द मिळाला नाही का? मी म्हटलं, आमच्या पोरांना एकोणसाठ आणि एकोणसत्तर शिकवून बघा एकदा, मग बोला. त्याचं नाकातून बोलणं ऐकून मला इतकं हसू यायचं की खालच्या मजल्यावरची वहिनी जिन्यातून विचारायची, काय चाललंय मास्तरीणबाई?

माझ्या मनात पाल चुकचुकली ती घरभाड्याच्या धड्याला.

शिक्षिकेनं तासाच्या सुरुवातीला सांगितलं होतं, की पुढचे विषय कंपनीनं ठरवून दिलेत. आधी नाव-गाव, नमस्कार-चमत्कार झाले होते. मशिनचे शब्द येतील असं मला वाटलं होतं. ते आले, पण थोडेच, आणि लगेच भाड्याच्या खोलीचा धडा लागला. खोली किती मोठी आहे, पाणी किती वाजता येतं, घरमालक कुठं राहतो. "इल न्या पा दो", म्हणजे पाणी नाही. त्यानंतर आजारपण. "झे माल", मला दुखतंय. इथं दुखतंय, तिथं दुखतंय, ताप आहे, मलेरियाची तपासणी कुठं होते. त्यानंतर मुलांच्या शाळेची फी घरी कशी पाठवायची, म्हणजे पैसे दुसऱ्या देशात पाठवायला बँकेत काय बोलायचं.

मी इतकी वर्षं शिकवतेय. अभ्यासक्रम हातात आला की पोरांना कुठं न्यायचं ठरवलंय ते आम्हा शिक्षकांना वाचता येतं. दोन महिन्यांच्या पाहुण्याला कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये ठेवतात, तो कशाला घरमालकाकडे पाण्याची तक्रार करील? मी हे नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, पुस्तकात असतंच तसं, तू उगाच मनाला लावून घेते. पण त्या संध्याकाळपासून मी तो धडा शिकत नव्हते, तपासत होते. पुढचा विषय काय येतोय याची मला भीतीच वाटायला लागली होती.

पुढचा विषय साधा होता. तुम्ही कुठं राहता?

त्या तासाचं रेकॉर्डिंग मी नंतर कितीतरी वेळा पाहिलं. शिक्षिका एकेकाला उभं करून विचारत होती, "ऊ आबिते वू?" आणि एकेक जण उत्तर देत होता. "झाबीत आ शिरपूर." मी शिरपूरला राहतो. "झाबीत आ शहादा." नंदुरबार. साक्री. तळोदा. माझा नवरा उठला आणि छाती काढून म्हणाला, "झाबीत आ दोंडाईचा." दोन जण कोकणातले होते, एक लांज्याचा, एक महाडचा. त्यांनीही तेच केलं. अख्ख्या वर्गात एकानंही सिल्वासा म्हटलं नाही.

यात चूक काय ते इथल्या माणसाला कळणारच नाही. आपल्याकडे कुठले तुम्ही, असं विचारलं की माणूस आपलं गाव सांगतो. तो तिथं राहत असो वा नसो, वीस वर्षं झाली असोत, तिथलं घर पडलेलं असो. राहणं तिथलं, इथं फक्त नोकरी. माझा नवरा वर्षातून दोनदा गावाला जातो, अक्षय्य तृतीयेला आणि पोळ्याला. उरलेलं सगळं आयुष्य त्यानं दमणगंगेच्या काठी काढलंय, त्याची मुलगी इथल्या सरकारी दवाखान्यात जन्मली, तरी तो दोंडाईच्याला राहतो.

शिक्षिका गोंधळली. म्हणाली, पण दादा, आत्ता तुम्ही सगळे तिथं सिल्वासात बसला आहात ना? मग कोण राहतं सिल्वासात? सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, इथं तं ड्यूटी हाय मॅडम, राहतं कोण इथं? परत हशा झाला.

रेकॉर्डिंगच्या कोपऱ्यात, पाण्याच्या कूलरशेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कंपनीचा माणूस बसलेला दिसायचा. भरती आणि रजा वगैरे बघणारा साहेब. प्रत्येक तासाला यायचा, कधी काही बोलायचा नाही, फोनमध्ये डोकं घालून बसायचा. हशा झाला तेव्हा त्यानं मान वर केली. मग तो हसला नाही, नुसता एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. नवऱ्याला ते दिसलंच नव्हतं. मी फोन थांबवून दाखवलं तर म्हणाला, बघतो तं बघू दे, साहेब हाय तो. मला मात्र त्या माणसाचं ते बघणं अजिबात आवडलं नाही, आणि त्या दिवशी मी भाकरी करताना दोन वेळा हात भाजून घेतला.

दसऱ्याच्या आधी पहिला शेड मोकळा झाला. जुनी मशिनं आधी पाठवायची, नवी इथं येतील, असं त्यांना सांगितलं होतं. शाळेत जाताना मला रस्त्यावर ट्रेलर दिसायचे, त्यांवर लाकडी खोकी, आणि खोक्यांवर काळ्या रंगात फ्रेंच शब्द. मला ते वाचता यायला लागले होते. ही बाजू वर. जपून. ओलं होऊ देऊ नका. स्कूटर बाजूला घेऊन मी ती खोकी पुढे जाऊ द्यायचे. शिकलेलं वाचता आलं की माणूस खूश होतो, माझ्या पहिलीतल्या पोरांना बघते ना मी. मी मात्र दर वेळी खोकी मोजायचे.

खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा होते. ज्याचं मशीन तो ते पुसतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. त्या दिवशी कुटुंबाला आत जाऊ देतात, म्हणून मीही जाते. त्या वर्षी नवरा मला दुसऱ्या शेडकडे घेऊन चालला होता, पण मध्येच तो पहिल्या शेडच्या दारात थांबला. आत काही नव्हतं. फरशीवर मशिनच्या पायांचे चौकोन उरले होते, तेलाचे काळे, आणि जमिनीतून वर आलेले तुटके बोल्ट. कुणीतरी आमच्याआधी येऊन गेलं होतं. प्रत्येक चौकोनावर हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि एकेक झेंडूचं फूल. मी म्हटलं, चला. तो म्हणाला, थांब जरा. आणि चपला काढून आत गेला, एका चौकोनाला हात लावून तो हात त्यानं कपाळाला लावला. पुसून गेलेल्या जागेची पूजा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि मला तिथं एक मिनिटही थांबावंसं वाटेना.

दिवाळीनंतर खालच्या मजल्यावरच्या फिटरचा हात खोक्याखाली सापडला.

शाळा सुटायला थोडा वेळ होता. नवऱ्याचा फोन आला. तो धापा टाकत होता. म्हणाला, दवाखान्यात आणलंय त्याला, डावा हात हाय, तू घरी जा आन वहिनीला घेऊन ये. आणि मग म्हणाला, फोनवर नको सांगू.

हे त्यानं सांगायची गरज नव्हती. आपल्यात वाईट बातमी फोनवर देत नाहीत. कुणीतरी जातं. जाऊन बसतं, पाणी मागतं, मुलांचं विचारतं, मग म्हणतं की जरा लागलंय, विशेष नाही, पण चला. रिक्षात बसल्यावर थोडं आणखी सांगतं. दवाखान्याच्या जिन्यात आणखी थोडं. समोरचा माणूस बातमी घेत घेत तिच्यापर्यंत पोचतो आणि पोचतो तेव्हा आपण त्याचा दंड धरलेला असतो. माझ्या वडलांचं कळवायला मुख्याध्यापिका वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांनी आधी माझ्या हातातला खडू काढून घेतला होता.

मी गेले. वहिनी वाटाणे सोलत होती. मी खाली बसले, म्हटलं, पाणी दे गं जरा. तिनं तांब्या आणला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती लागलंय?" मी म्हटलं, हाताला. ती म्हणाली, "हात हाय ना पण?" मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो आणि मग निघालो.

त्याची दोन बोटं गेली. मी संध्याकाळी बघायला गेले तेव्हा तो उशाला टेकून बसला होता, चेहरा पांढरा पडलेला. मला बघून त्यानं आवाज खाली आणला. "वहिनी, माझं नाव काढलं यादीतून," तो म्हणाला. "मी सुटलो." आणि तो हसला. ते हसणं खरं होतं, तोंडदेखलं नव्हतं. दोन बोटं देऊन सुटलो म्हणणारा माणूस बघून मला कळलं, की माझी भीती माझ्या एकटीची नव्हती. कंपनीतल्या सगळ्यांना वास आला होता, फक्त कुणी घरी बोलत नव्हतं.

मग मीटिंग झाली. नवरा त्या दिवशी उशिरा आला, आणि बूट न काढताच खुर्चीवर बसला. त्यानं सगळं सांगितलं ते टेबलाकडे बघत. दोन महिने नाहीत, तीन वर्षं. कुटुंब नेता येणार नाही. खडोलीचं युनिट मार्चमध्ये बंद होणार, नवी मशिनं कधी येणारच नव्हती. ज्याला यायचं नाही त्यानं हिशेब घेऊन जावं. माणसं ओरडली, एकानं खुर्ची आपटली. मग तो कूलरशेजारचा साहेब उठला, पहिल्यांदाच बोलायला.

"साहेब म्हणे, तुम्हीच सांगितलं व्हतं ना क्लासमधी, की तुम्ही इथं राहत नाही," नवरा म्हणाला. "मंग म्हणे घर इथूनबी लांब आन तिथूनबी लांब. तुम्हाला काय फरक पडतो?"

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? तो म्हणाला, "काय म्हणणार? सांगितलं तं व्हतंच."

मला इतका संताप आला की काय करू सुचेना. त्या साहेबाचा आला, हसणाऱ्या त्या सगळ्या वर्गाचा आला आणि दोंडाईच्याचाही आला. मी ताडताड बोलले. म्हटलं, माझी नोकरी पक्की आहे, आपलं दोघांचं आणि पोरीचं भागतं, तुम्ही जायचं नाही. इथंच सायली गावात एवढ्या कंपन्या आहेत, काहीतरी मिळेल, नाही मिळालं तर घरी बसा. तो ऐकून घेत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "आन मी काय करू? तुझ्या शाळेची घंटा वाजवू?"

मी म्हटलं, वाजवा.

त्यानं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, "त्या मशिनी मी बसवल्या. नवा व्हतो तवापासून. एखादीचा आवाज बदलला तं मला गेटातून कळतं. त्या तिकडं जाऊ राहिल्या आन मी इथं कोनाच्या तरी गोडाउनला वॉचमन बसू?" लग्नाला इतकी वर्षं झाली, मशिनवर त्याचा जीव आहे हे मला माहीत होतं, पण किती आहे ते मला तेव्हा कळलं.

जाण्याआधी तोंडी परीक्षा होती. तीत नापास झाला तर त्याला नेणार नव्हते. त्या पंधरवड्यात आम्ही रोज बसायचो, आणि खोटं कशाला सांगू, याला चुकीचं शिकवावं असं माझ्या मनात आलं. सोपं होतं. मी सांगीन ते तो डोळे झाकून पाठ करत होता. एक दिवस मी आकडे उलटेपालटे सांगायचे असं ठरवूनच बसले. त्यानं चहाचा कप बाजूला सारला, वही पुढे ओढली, आणि पहिलीतल्या पोरासारखा माझ्या तोंडाकडे बघत बसला. माझ्याच्यानं झालं नाही. मी बरोबर शिकवलं, नेहमीपेक्षा जास्त बरोबर. साठ-दहा, चार-वीस, चार-वीस-दहा. तो पास झाला. शिक्षिकेनं त्याचं कौतुक केलं आणि ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या.

फेब्रुवारीत तो गेला. मुलगी सुरतहून आली होती. कंपनीच्या बसनं त्यांना मुंबईच्या विमानतळावर नेलं, बाकीच्यांच्या बायका आणि मी गेटाशी उभ्या होतो. बस वळेपर्यंत तो खिडकीतून हात हलवत होता. तेव्हा मी रडले नाही. घरी येऊन त्याचा डबा घासायला घेतला, तेव्हा रडले.

आता तो रोज फोन करतो. तिकडे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. इथं साडेआठ झालेले असतात, मी जेवून उठते, आणि तो नुकताच कामावरून आलेला असतो. खोली बरी आहे म्हणतो. पाणी सकाळी येतं म्हणतो. घरमालक चांगला आहे, पण फ्रेंच फार भरभर बोलतो. जेवलात का, असं मी विचारते, तो हो म्हणतो आणि मी विश्वास ठेवते. मशिनं बसवायला घेतलीत, खाली फरशी नवी आहे, क्रेन जुनी आहे, असं एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं. मग त्यानं विषय बदलला. त्या रात्री फोन ठेवल्यावर मी पुण्याच्या शिक्षिकेला मेसेज केला, की मला शिकायचंय.

तिला वाटलं मी सहज विचारतेय. कंपनीचा क्लास तर कधीच संपला होता. तरी ती तयार झाली. रविवारी सकाळी अकरा वाजता ती फोनवर आली, तशीच हसरी. ताई, तुम्हाला कुठून सुरुवात करायची, असं तिनं विचारलं. बाजार? प्रवास? दादांना भेटायला जायचा विचार आहे का?

मी म्हटलं, नाही. मला फोन घ्यायला शिकायचंय.

ती म्हणाली, म्हणजे दादांशी फ्रेंचमध्ये बोलायचंय? किती छान. मी म्हटलं, दादांशी मी मराठीत बोलते. दादा बोलायच्या अवस्थेत नसले, तर मला कोण फोन करील? तिथला दवाखाना करील, नाहीतर घरमालक. त्यांच्यातला कुणी इथं येऊन माझ्याकडे पाणी मागणार नाही. कंपनीवाले तीन दिवस मला काही सांगणार नाहीत, त्यांना मी ओळखते. म्हणून जो माणूस पहिल्यांदा सांगेल, त्याचं मला कळलं पाहिजे. ते लोक कसं सांगतात, काय शब्द वापरतात, ते शिकवा.

तिचा चेहरा उतरला. असं काही होणार नाही ताई, ती म्हणाली. मी म्हटलं, बाळा, मीसुद्धा शिक्षिका आहे. तू शिकव.

मग तिनं एकेक शब्द दिला. अपघात. हात. पाय. रक्त. शुद्ध नाही. ऑपरेशन. मी लिहून घेतले नाहीत, ऐकून पाठ केले, कारण फोन आला तर समोर वही नसणार. माणूस गेल्याचं कसं सांगतात, ते आम्ही दोघींनी घाईघाईनं म्हटलं. तास भरत आला तेव्हा मी म्हटलं, आता फोन कर. म्हणजे खोटा खोटा. तू तिकडची बाई हो.

ती नको म्हणत होती. मी नुसती बघत राहिले, वर्गात बघते तशी. शेवटी तिनं आवाज बदलला.

"आलो? मादाम? झ वू झापेल ओ स्यूझे द व्होत्र मारी."

हॅलो, बाई, तुमच्या नवऱ्याबद्दल फोन केलाय. मी ओट्याची कड धरली आणि म्हटलं, "पार्ले लाँतमाँ, सिल वू प्ले." हळू बोला.

मग तिनं पुढचं वाक्य म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मला ते पहिल्याच वेळेला, सगळंच्या सगळं कळलं. ती म्हणाली, ताई, परत सांगू का?

मी नको म्हटलं.